लायब्रेरीवाल्या जिज्जी

जिज्जी भाजीसुद्धा कुजबुजत घ्यायच्या. सदर बाजारात सकाळच्या वेळी चहूकडून ओरडा चाललेला असायचा, आणि या टोपलीसमोर उभ्या राहून नुसते ओठ हलवताहेत. भाजीवाला कानामागे हात नेऊन वाकायचा आणि म्हणायचा, "बहनजी, तनक जोर से बोलो, सुनाई नईं पर रओ." जिज्जी तितक्याच हळू आवाजात पुन्हा तेच सांगायच्या. शेवटी शेजारचे दोघे-तिघे आपापला ओरडा थांबवून त्यांच्याकडे बघत राहायचे. पाव किलो भेंडी, एवढंच म्हणणं असायचं त्यांचं.

झाशीतल्या मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, त्या ग्रंथपाल होत्या. लायब्रेरीत हळू बोलायची सवय लागली ती घशातच बसली. लग्नात, बारशात, दवाखान्यात, कुठंही त्यांचा आवाज त्याहून वर चढला नाही. त्यांच्याशी बोलणारा माणूस आपोआप पुढं वाकायचा आणि दोन मिनिटांत स्वतःही कुजबुजायला लागायचा. आमच्या प्रिन्सिपल बाई मोठ्या कडक होत्या, पण जिज्जींना रागवायला गेल्या की त्यांचाही आवाज खाली यायचा आणि रागवणं सल्ल्यासारखं वाटायचं.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवत होते. मुली त्यांना 'लायब्रेरीवाली बहनजी' म्हणत, मी जिज्जी म्हणत असे. बुंदेलीत मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. आमच्या मराठी घरांनी तो शब्द कधी उचलला कोण जाणे. जिज्जींचे पूर्वज पेशवाईत इकडे पूजाअर्चेसाठी आले आणि आमचे दप्तर सांभाळायला. दोन्ही घराणी इथंच राहिली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं पिढ्यानपिढ्या चाललं. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं. आम्हाला ठंडी वाजायची, आम्ही फुरसतीनं बसायचो, आणि मधूनच आजीच्या आजीचा एखादा शब्द आमच्या तोंडून निघायचा. जिज्जी स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणत. त्यांचा मुदपाकखाना म्हणजे किल्ल्याखालच्या वस्तीतल्या दोन खोल्यांमागं, जिन्याखाली स्टो ठेवायची जागा. तिथं दोन माणसं उभी राहू शकत नव्हती.

उंच, वाळलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. मे महिन्यात लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली की डोक्यावर ओला पंचा आणि पर्समध्ये एक कांदा. लू लागू नये म्हणून कांदा जवळ बाळगायची पद्धत आमच्याकडे होतीच, पण जिज्जी तो पर्समध्ये ठेवून दिवाळीपर्यंत विसरायच्या. त्यांच्या पर्समधून कधी कधी हिरवी पात डोकावायची. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं. पुस्तकं लावत होते."

परत आलेलं पुस्तक त्या आधी नाकाशी धरायच्या. मग समोरच्या मुलीला विचारायच्या, "कल घर में कढ़ी बनी थी?" मुलगी चकित व्हायची. पुस्तकाला हिंगाचा वास लागला की ते स्वयंपाकघरात वाचलं गेलं, उदबत्तीचा लागला की देवघरात लपवलं होतं, आणि कसलाच वास नसला की वाचलंच नाही, असा त्यांचा हिशोब होता. न वाचता परत आणणाऱ्या मुलीला त्या तेच पुस्तक पुन्हा द्यायच्या. मागितलेलं पुस्तक त्यांनी मला एकदाही पहिल्या खेपेला दिलं नाही. "हे आधी वाच. ते नंतर." नंतर ते मागायची इच्छा राहिलेली नसायची.

लायब्रेरीत मराठी पुस्तकांची दोन कपाटं होती, जुन्या मराठी घरांनी दिलेली. कॉलेजात मराठी वाचणाऱ्या आम्ही दोघीच. पण शनिवारी जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतून मराठी बायका बसनं यायच्या. नवरे फौजेत, गाव सातारा-कोल्हापूरकडचं, आणि आजूबाजूला सगळी हिंदी. बाहेरच्यांना पुस्तकं द्यायची परवानगी नव्हती. जिज्जी ती सगळी माझ्या नावावर लिहायच्या. एकेका वेळी माझ्याकडे तीस-तीस कादंबऱ्या असायच्या आणि प्रिन्सिपल बाई मला विचारायच्या, "आप पढ़ाती कब हैं?"

जिज्जी लेखिका झाल्या त्या या बायकांमुळे. एका हवालदाराची बदली अचानक आसामकडे निघाली. एक कादंबरी त्याच्या बायकोची अर्धीच वाचून झाली होती. पुस्तक परत करताना ती रडकुंडीला आली. तिच्या मागोमाग जिज्जींनी पोस्टकार्डावर उरलेली कथा लिहून पाठवायला सुरुवात केली. आठवड्याला एक कार्ड, बारीक अक्षरात, पत्त्याच्या जागेपर्यंत भरलेलं. पाचव्या-सहाव्या कार्डापर्यंत त्यांनी पुस्तकाप्रमाणे लिहिलं, पुढं मात्र स्वतःच्या मनानं लिहायला लागल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुस्तकात ती नायिका शेवटी आजारी पडून मरते जी. ती बिचारी तिकडे एकटी, पावसात. तिला कशाला ते." वर्षभरानं त्या बाईचं पत्र आलं. मूळ पुस्तक तिला तिकडे एका मराठी कुटुंबात मिळालं होतं. तिनं लिहिलं होतं, 'तुमचा शेवट खरा वाटला, यांचा छापील आहे.'

ते पत्र जिज्जींनी मला तीनदा वाचायला दिलं. त्या वेळी त्यांनी वयाची चव्वेचाळीस वर्षं ओलांडली होती. त्यानंतर त्या लिहू लागल्या.

लिहायच्या उभ्यानं. पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांचं एक लाकडी कपाट होतं, छातीइतकं उंच. त्यावर टेकून, रद्द झालेल्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर. खुर्ची रिकामी असायची, तरी बसायच्या नाहीत. "बसून करते ते कॉलेजचं, उभी राहून करते ते माझं," असं त्यांचं म्हणणं. एक कथा म्हणजे सत्तर-ऐंशी कार्डं. प्रत्येकाला खाली भोक असायचं, त्यातून त्या सुतळी ओवायच्या. एकदा मधल्या सुट्टीत अशी एक कथा सुटून लायब्रेरीभर पसरली आणि बाराव्या वर्गाच्या मुलींनी टेबलांखाली शिरून ती गोळा केली. त्यांतल्या एकीलाही मराठी येत नव्हतं. त्यांनी कार्डं लावली ती अक्षराच्या शाईवरून, गडद ते फिकट, आणि लावली ती अगदी बरोबर.

पुण्याच्या एका दिवाळी अंकानं दोन कथा परत पाठवल्या आणि तिसरी छापली. संपादकांनी भाषा शुद्ध करून घेतली होती. मुदपाकखान्याचं स्वयंपाकघर झालं, ठंडीची थंडी झाली. जिज्जींनी तो अंक वाचला आणि टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली. झाशीत तो अंक चार घरी येत असे. पुढच्याच रविवारी मला बरोबर घेऊन त्या चारही घरी गेल्या. प्रत्येक ठिकाणी चहा घेतला, अंक मागितला आणि यजमानांच्या देखत सगळे शब्द मूळचे केले. एका काकांनी विचारलं, "अहो, पण बाकी महाराष्ट्रात गेलेले हजारो अंक?" जिज्जी कुजबुजल्या, "तिथले लोक मला ओळखत नाहीत. तुमच्याशी मला रोज बोलायचं आहे."

त्यानंतर दर दिवाळीला त्यांची एखादी कथा यायची. पत्रं येऊ लागली. पुण्याहून कुणी एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, झाशीत राहून मराठीत कसं काय लिहिता? जिज्जी म्हणाल्या, "राहते मराठीतच. झाशीत नोकरी करते." ते गृहस्थ पुढं वाकून ऐकत होते. त्यांना बहुधा ते नीट ऐकू आलं नाही, कारण ते नुसते हसले.

मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होते. वडील लवकर गेले होते आणि प्रेम नगरच्या घरात आई आणि मी अशा दोघीच. आईला काचबिंदू झाला होता. उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. पण घरात ती भिंतीला हात न लावता फिरायची. कुठलं भांडं कुठं, कुठली पायरी किती उंच, सगळं तिच्या अंगात होतं. त्या घराबाहेर मात्र तिला पाऊलही टाकता येत नव्हतं.

गणेशोत्सवात बबीन्याची मंडळी झाशीला यायची. तिथं माझी एकांशी ओळख झाली. छावणीतल्या इंजिनियरिंगच्या खात्यात होते, साताऱ्याकडचे. दीड वर्ष आम्ही उत्सवात, कुणाच्या हळदीकुंकवात, बसस्टँडवर, असं चारचौघांत भेटत होतो. त्यांच्या मावशींनी रीतसर मागणी घातली. आई त्या दिवशी इतकी खूश होती की तिनं तीनदा शिरा केला. पुढं कळलं, त्यांची बदली पुण्याला झाली होती, घरी आईवडील, धाकटे भाऊ, जागा लहान. आईला बरोबर नेता येणार नव्हतं आणि नेलं असतं तरी नव्या घरात ती आंधळीच झाली असती. मी आठ दिवस विचार केला आणि त्यांना नकाराचं पत्र लिहिलं. आईला सांगितलं की त्यांच्याकडूनच नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले.

आई तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली आणि निवडत राहिली.

हे मी फक्त जिज्जींना सांगितलं. मराठीच्या दोन कपाटांच्या मधल्या फटीत उभं राहून. त्यांनी ऐकून घेतलं, समजावलं नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. फक्त म्हणाल्या, "आईंना कळलं तर?"

"कळणार नाही. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्ही सांगू नका."

"मी सांगितलं तरी कुणाला ऐकू येतं जी," त्या म्हणाल्या, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

दोन वर्षं गेली. दिवाळीचे अंक आले. मी जिज्जींकडे त्यांचा अंक मागितला तर म्हणाल्या, "या खेपेची नको वाचूस. बिघडलीय." मला वाटलं, पुन्हा संपादकांनी शब्द बदलले असतील. पण आईला त्यांच्या कथेची फार ओढ असायची. मी बबीन्याच्या एका काकूंकडून अंक आणला, आणि दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी अंगणात उन्हात बसून आईला वाचून दाखवायला घेतला. आई पाय पसरून बसली होती, पायांवर ऊन.

कथेतलं गाव वेगळं होतं. मुलगी शिक्षिका नव्हती, टपालखात्यात होती. आई मात्र न दिसणारी होती. दुसऱ्या पानावर छावणीतलं स्थळ आलं. मला वाटलं, असेल, जिज्जींनी थोडं इकडचं थोडं तिकडचं घेतलं असेल. चौथ्या पानावर ती मुलगी पत्र लिहायला बसली आणि मी अडखळले. पुढची ओळ मी डोळ्यांनी आधी वाचली. 'आईला तिनं सांगितलं, त्यांच्याकडूनच नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणाले.'

"का थांबलीस?" आईनं विचारलं.

"ऊन येतंय डोळ्यांवर," मी म्हटलं. आत जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि पुढं वाचायला लागले. म्हणजे बोलायला लागले. माझ्या मनानं. नकार खरंच त्यांच्याकडून आला असं केलं. मुलगी थोडे दिवस रडली. मग तिला कानपूरकडचं दुसरं स्थळ आलं. तो मुलगा इतका भला की म्हणाला, आईंना घेऊनच या. मी त्यांना मोठं घर दिलं, अंगणात तुळस दिली, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशनही करून टाकलं. पाऊण तास मी बोलत होते. संपलं तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती.

आईनं पाय उन्हातून जवळ ओढले. मग म्हणाली, "छान आहे. पण जिज्जींच्या हातची वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेज भरायच्या आधी मी लायब्रेरीत गेले. तिथं मोठ्यानं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते पहिलं बोलणं माझं.

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"हळू," जिज्जी म्हणाल्या.

"आईला मी स्वतः वाचून दाखवत होते, जिज्जी. माझ्या तोंडानं."

खुर्चीची पाठ धरून जिज्जी उभ्या राहिल्या. "मी तुला म्हटलं होतं, वाचू नकोस."

"लिहिलंतच का?"

"दुसरं काही सुचेचना. दोन वर्षं तेच समोर येऊन बसायचं. म्हटलं, लिहून टाकावं म्हणजे जाईल."

"मग लिहायचं आणि फाडायचं."

"फाडणार होते."

"मग?"

जिज्जींनी खुर्ची टेबलाशी सरकवली. मग अगदी हळू, त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षाही हळू, म्हणाल्या, "चांगलं झालं होतं."

त्यांनी दुसरं काहीही सांगितलं असतं, खोटं सांगितलं असतं, तरी मी कदाचित महिन्याभरात विसरले असते. पण ते उत्तर मला सहन झालं नाही. मी निघून आले, आणि अकरा वर्षं त्यांच्याशी बोलले नाही.

अकरा वर्षं म्हणताना तोंड कडू होतं. त्यांतली आठ वर्षं आम्ही एकाच इमारतीत होतो. स्टाफरूमकडे जायची वाट लायब्रेरीवरून होती. मी नजर समोर ठेवून जायची. उघड्या दारातून त्या उभ्या दिसायच्या, कार्डांच्या कपाटाशी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एखादी मुलगी माझ्या टेबलावर एक पुस्तक आणून ठेवायची. "लायब्रेरीवाली बहनजी ने भेजा है." मी ते न उघडता परत पाठवायची. त्यांनी ते नाकाशी धरलं असेल आणि कसलाच वास आला नसेल. तरी पुढच्या महिन्यात दुसरं यायचं.

आईला मी एवढंच सांगितलं होतं की आमचं कामावरून बिनसलं. आईनं विचारलं नाही. पण संक्रांत असो, गौरी असोत, घरात काही झालं की ती ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर जिज्जींकडे डबा पाठवायची. मी एकदा चिडून म्हटलं, "त्यांच्याकडे कशाला?" आई म्हणाली, "भांडण तुझं आहे ना? तुझ्यापाशी ठेव. मी नाही भांडले."

जिज्जी रिटायर झाल्या तेव्हा निरोपसमारंभात मराठी म्हणून मीच बोलावं असं सगळ्यांनी ठरवलं. मी त्या दिवशी ताप आल्याचं कळवलं आणि घरी बसून पेपर तपासले. दुसऱ्या दिवशी मुलींनी सांगितलं, बहनजी भाषण करायला उठल्या, दहा मिनिटं बोलल्या, आणि मागच्या रांगेपर्यंत कुणालाही काही ऐकू आलं नाही, तरी सगळा हॉल श्वास धरून बसला होता.

त्यानंतर त्यांनी एक लहानशी कादंबरी लिहिली, रेल्वे गार्डाच्या बायकोवरची. ती छापली गेली, बरी चालली. बबीन्याच्या काकूंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या प्रकाशकांना त्यांच्या कथांचं पुस्तक काढायचं होतं. पण त्यांची एक अट होती, ती एक कथा त्यात हवीच, तिच्यामुळेच लोक त्यांना ओळखतात. जिज्जींनी ती कथा द्यायला नकार दिला. प्रकाशकांनी दोनदा लिहिलं, तीनदा लिहिलं. शेवटी पुस्तकच निघालं नाही. काकू म्हणाल्या, "तऱ्हेवाईक बाई." त्याच संध्याकाळी मी जिज्जींच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. इतकी वर्षं न बोलल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, तेच मला सुचेना.

आई थंडीत गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. चौदाव्या दिवशी, आलेगेले परतल्यावर, जिज्जी आल्या. एकसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, पण फार थकलेल्या दिसत होत्या. बूट दाराशी काढले आणि न विचारता आईच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं.

"तुझ्या आईंनी एक निरोप ठेवलाय माझ्याकडे," त्या म्हणाल्या. मला वाकावं लागलं. "त्यांच्यामागं द्यायचा होता. म्हणून आले."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मी आईला कथा वाचून दाखवली त्याच आठवड्यात, मी कॉलेजात असताना, आईनं शेजारच्या वहिनींना बोलावून तो अंक पुन्हा वाचून घेतला. सबंध. पुढच्या दिवशी त्या रिक्षावाल्याचा हात धरून ती किल्ल्याखाली जिज्जींच्या खोलीवर गेली. जी बाई घराबाहेर पाऊल टाकत नव्हती, ती घरचं कुणी बरोबर नसताना गेली.

"तिला संशय कशावरून आला?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, पाणी पिऊन आल्यावर पोरगी पाऊण तास वाचत होती आणि पान एकदाही उलटलं नाही."

जिज्जींनी विचारलं, "तू शेवट वाचलास का गं कधी?"

मी मान हलवली. वाचला नव्हता. त्या दिवसानंतर तो अंक मी हातात धरला नव्हता.

"त्या कथेतल्या आईला सगळं माहीत असतं. नकार कुणाचा, ते तिला पहिल्या दिवशीच कळतं. पण ती बोलत नाही, कारण मुलीनं जाऊ नये असं तिलाही वाटत असतं. ती तांदूळ निवडत बसते. तिथं संपते कथा. ते माझं मी लिहिलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या आई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, बाई, हे तुम्हाला कसं कळलं?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. जिज्जींनी पदरानं तोंड पुसलं.

"मी त्यांना म्हटलं, मुलीला सांगा. तिच्या मनावरचं ओझं जाईल. तर म्हणाल्या, नको. मी जिवंत आहे तोवर नको. तिला वाटू दे तिनं मला फसवून सुखात ठेवलं. लग्न गेलं, घर गेलं, तेवढं तरी तिच्याकडे राहू दे. मी गेल्यावर सांगा, की मला ठाऊक होतं, आणि मी तिला जा म्हणू शकले नाही, ते माझं चुकलं."

"आणि तुम्ही अकरा वर्षं..." मी म्हटलं.

"एकदा शब्द मोडला होता," जिज्जी म्हणाल्या. "दुसरा कसा मोडू?"

मी रडले ती आईसाठी की त्यांच्यासाठी, सांगता येणार नाही. जिज्जी तशाच बसून राहिल्या. त्यांना कुणाला थोपटायला जमायचंच नाही. शेवटी त्या उठून आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, डबे हुडकले आणि चहा करून आणला. त्यात साखर नव्हती. आम्ही तो संपवला.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकांना स्वतः पत्र लिहिलं की ती कथा घ्यावी, लेखिकेची हरकत नाही. जिज्जींकडून त्यावर सही घेतली. सही करताना म्हणाल्या, "बघ हं. चांगली आहे, पण तुझी आहे." वर्षभरात पुस्तक निघालं. त्या वर्षी मी रोज संध्याकाळी कॉलेजातून सरळ किल्ल्याखाली जायची. आम्ही फार काही बोलायचो नाही. त्या लिहायच्या, मी वह्या तपासायची. कधी त्या एखादं कार्ड माझ्यापुढं धरायच्या आणि विचारायच्या, "असं बोलते का आपल्यातली बाई?" मी सांगायची. अकरा वर्षांत मी कुणाशीच असं मराठी बोलले नव्हते, फक्त आईशी.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेत.

पत्रं अजून येतात. प्रकाशक ती माझ्याकडे पाठवतात, कारण दुसरा पत्ता त्यांच्याजवळ नाही. बहुतेकांना मी दोन ओळींत कळवते की लेखिका आता नाहीत. मागच्या महिन्यात बार्शीच्या एका मुलीचं आलं. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, तिला एक स्थळ आलंय, तिनं ती कथा चारदा वाचली. तिनं विचारलं होतं, 'त्या मुलीला पुढं पस्तावा झाला का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला ते कळायला हवं आहे.'

आठ दिवस ते पत्र टेबलावर होतं. गणिताच्या बाईला इतके खाडाखोडीचे कागद शोभत नाहीत. शेवटी मी लिहिलं, त्या मुलीला मी ओळखते. आईजवळ राहिली याचं तिला वाईट वाटलं नाही, आणि साताऱ्याकडच्या त्या माणसाची आठवण तिला वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येते, तीही आता चेहऱ्याशिवाय. तिला पस्तावा होतो तो वेगळाच. तिची एक मैत्रीण होती, वयानं वीस वर्षांनी मोठी. तिच्याशी ती अकरा वर्षं बोलली नाही. रोज दारावरून जात होती आणि आत गेली नाही. तू राहा किंवा जा, जे तुला झेपेल ते कर. पण जे करशील ते एका माणसाला सांगून ठेव, आणि त्या माणसाला सोडू नकोस.

खाली 'लेखिकेच्या वतीनं' असं लिहिणार होते. ते खोडलं आणि माझं नाव लिहिलं.